एक मीटर पुढपर्यंत

एमरिस गुडघ्यांवर बसून
स्वयंपाकघराच्या जमिनीत स्क्रूड्रायव्हर खुपसतो.
मुठीपर्यंत आत जातो तो, लोण्यात सुरी जावी तसा.
'प्रोफेसर,' तो म्हणतो,
आणि पुढचं काही म्हणत नाही.

फळी उचलली.
खाली गंजाच्या रंगाची पूड,
कुणी वर्षाचं तिखट सांडून झाकून ठेवल्यासारखी.
विटा ओलांडून गेलेल्या करड्या दोऱ्या,
आणि पांढऱ्या सायीवर थेंब. गोल, स्वच्छ.
हिच्या लॅटिन नावातच आहे: रडणारी.
मी पोटावर आडवी होऊन बघत राहिले
हेमंतने चहा निवल्याचं दोनदा सांगेपर्यंत.
'किती देखणी आहे,' मी म्हणाले, मराठीत.
एमरिसला कळलं नाही ते बरं झालं.

गेल्या मंगळवारी मी फिनलंडमध्ये होते.
ॲबरिस्टविथहून पहाटेची गाडी, बर्मिंगहॅमहून विमान,
हेलसिंकीत पळतपळत दुसरं,
आणि दीडशे माणसांसमोर माझं नेहमीचं:
मेलेलं झाड उचलू नका.
पडलेल्या खोडाला निवांत कुजू द्या.
एका वनाधिकाऱ्याने विचारलं, किती लाकूड कुजलेलं पुरे?
मी म्हणाले, आत्ता आहे त्याहून जास्त.
टाळ्या पडल्या.
त्या घटकेला इथे फ्रिजखाली
ती चौथ्या तुळईवर पोचली असणार.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान,
आपण कोरडी कुज.
तीही नावालाच कोरडी,
स्वतःचं पाणी स्वतः वाहते भिंतीतून,
आमच्या खेड्यातल्या बाया वाहायच्या तसं,
न सांडता.

आता भांडी बाथटबमध्ये.
भात जिन्याच्या चौकात, एकुलत्या शेगडीवर.
मोहरी तडतडली की वरचा स्मोक अलार्म बोंबलतो.
फ्रिज आमच्या उशाशी घुरघुरतो
आणि त्याच्यावर बावन्न उत्तरपत्रिका,
प्रत्येकीत चिमूटभर जुना चुना.
ऑनलाइन बैठकीत करवतीचा आवाज ऐकून
डीन म्हणाल्या, तुम्ही फील्डवर का?
हो म्हणाले. खोटं कुठे होतं.

गुरुवारी एमरिसने कुठलंसं पत्रक वाचलं.
'ही तुमच्याकडची म्हणे? इंडियन?'
म्हणाला, आणि त्याचेच कान लाल झाले.
हो, मी म्हणाले, हिमालयातली. पण तिथे शोधावी लागते.
मी दोनदा गेले, एकदाच भेटली,
नारकंड्याच्या वर, पडलेल्या ओंडक्याच्या पोटाखाली,
तळहाताएवढी.
इथल्या रानात ती टिकत नाही.
तिला घर लागतं. जुनं, बंद, जरा ओलसर.
'आली कशी मग?'
जहाजातून, लाकडाबरोबर, असं म्हणतात.
बोलावलं कुणी नसेल.

त्याने पेन्सिल कानामागून काढली, परत खोचली.
'माझी आजी लिव्हरपूलची.
जाऊन तीस वर्षं झाली तिला.
गावात अजून म्हणतात, ती बाहेरची.'

मग त्याने नियम सांगितला:
शेवटचा धागा दिसतो तिथून
एक मीटर पुढपर्यंत कापायचं.
धडधाकट लाकूडसुद्धा.
हद्द कुठे आखावी यावर मी एक अख्खं सत्र शिकवते.
त्याला खडूचा एक तुकडा पुरला.
रेघ मसाल्याच्या कपाटाखालून निघाली,
टेबलाच्या जागेवरून, जिथे सव्वीस वर्षं
आम्ही जेवलो आणि भांडलो,
पार उंबऱ्याला टेकली.
करवत चांगल्या लाकडात शिरली
तेव्हा राळेचा वास आला, ताजा,
शंभर वर्षं कोंडलेला.
हेमंत उगाच बाहेर गेला.

मी अंगठ्याएवढा एक तुकडा डबीत घातला.
चिठ्ठीवर तारीख, गाव, उंची समुद्रसपाटीपासून.
अधिवास, या रकान्याशी पेन थांबलं.
लिहिलं: स्वयंपाकघर.
मग पुढे, लहान अक्षरात: आमचं.

सोमवारी पुन्हा प्रवास, एस्टोनिया.
किल्ली कुंडीखाली ठेवीन, मी एमरिसला म्हणाले.
'ठेवा,' तो फळी मोजत म्हणाला,
'आणि त्या डबीचं झाकण
नीट लावा.'